ओव्हाळभाऊंचे सहा पत्रे

ओव्हाळभाऊंच्या हातात काहीही द्या, ते आधी उजेडाकडे धरायचे. कॅन्टीनची पोळी, किडीनं खाल्लेलं पान, नातवाच्या वहीचा फाटका कागद. एकदा मी चिडून त्यांना नोटीस दिली, तर तीही त्यांनी शांतपणे ट्यूबलाइटकडे धरली आणि म्हणाले, "मॅडम, स्टेपलर लई जोरात मारता तुमी." नोटिशीत काय लिहिलंय ते त्यांनी त्यानंतर वाचलं.

ती नोटीस म्हणजे आमची पहिली ओळख. निघोज्याच्या पुढे, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आमचं वर्कशॉप आहे. आम्ही त्याला कंपनी म्हणतो, पण आहे काय, तर चार लेझर मशिनं, दोन प्रेस आणि वर पत्र्याचं छप्पर. गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे बारीकसारीक पार्ट आम्ही पत्र्यातून कापून देतो. मी तिथे क्वालिटीला आहे. वीस वर्षं दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून पोट भरलंय, त्यामुळे स्वभाव कसा झालाय ते माझ्या घरच्यांना विचारा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी आधी जिलबीचा आकार बघते.

ओव्हाळभाऊ नेस्टिंग करायचे. मोठी पोळी लाटून वाटीनं पुऱ्या पाडताना आपण पीठ वाया जाऊ नये म्हणून वाटी खेटून खेटून ठेवतो ना, तेच काम ते कॉम्प्युटरवर करायचे. आठ बाय चार फुटांचा पत्रा, त्यावर कुठला ब्रॅकेट कुठे, कुठली पट्टी आडवी, कुठली उभी, मधल्या फटीत किती वॉशर बसतात, हे सगळं माउसनं सरकवत सरकवत बसवायचं. मग मशीन कापतं, पार्ट खाली पडतात आणि भोकाभोकांचा पत्रा उरतो. त्याला आम्ही सांगाडा म्हणतो. सांगाडे शनिवारी भंगारात जातात. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघत नाही.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. कंप्रेसरच्या खोलीमागे टेकून ठेवलेल्या एका सांगाड्यात मला काही भोकं विनाकारण लांब लांब दिसली. अंतर चुकलं म्हणजे माल वाया. मी लगेच त्रुटीचा अहवाल लिहिला, स्टेपल मारला आणि नेस्टिंगच्या टेबलावर नेऊन आपटला. स्टेपलरबद्दलचं ते वाक्य तेव्हाचं. वाचून झाल्यावर ते उठले. उंची बेताची, मिशा पांढऱ्या, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली, कानामागे खडू. म्हणाले, "चला, दाखवा कुठं चुकलंय." मला सांगाड्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आता मागं सरका. आजून. आजून. त्या फोर्कलिफ्टच्या पिवळ्या पट्ट्यापतुर." मी सरकत सरकत गेले, वळून बघितलं आणि पत्र्यात मला एक शेळी दिसली. मागच्या शटरमधून उजेड येत होता आणि त्या उजेडात एक शेळी मान वळवून माझ्याकडे बघत होती. जिथे भोकं दाट तिथे उजेड, जिथे विरळ तिथे सावली. कान, दाढी, सगळं.

मी म्हटलं, "हे काय आहे?"

"शेळी," ते म्हणाले.

"ते दिसतंय मला. कंपनीचा पत्रा आहे हा."

"पार्ट कस्टमरचा, पत्रा कंपनीचा," ते म्हणाले, "भोक माझं." आणि त्यांनी मला त्या पत्र्याचा हिशोब काढून दाखवला. माल रेघभरही जास्त गेला नव्हता. उलट बाजूच्या मशीनच्या पत्र्यापेक्षा चार वॉशर जास्तच निघाले होते. मला अहवाल मागे घेता येत नव्हता, कारण त्यावर नंबर पडला होता. त्यात एक रकाना असतो, 'सुधारणा काय करणार' असा. त्यांनी तो सुबक अक्षरात भरून दिला: 'पुढच्या वेळी शेळी आणखी नीट काढली जाईल.' तो कागद माझ्या फायलीत अजून आहे.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चित्रकलेचा त्यांचा संबंध चौथीतल्या पाटीपर्यंतच. तरुणपणी पेपरातल्या एका फोटोवर त्यांनी भिंग धरलं आणि त्यांना दिसलं की फोटो म्हणजे नुसते ठिपके आहेत, लहान आणि मोठे. तेव्हापासून ते भिंग त्यांच्या खिशात असायचं. आयटीआय केलं, फिटरचे हेल्पर झाले, मग कॉम्प्युटर शिकले आणि नेस्टिंगला बसले. "पहिल्याच दिशी मला कळलं मॅडम," ते सांगायचे, "हे तर पेपरातल्या फोटूचं मशीन हाय. लोकं त्याच्यावर ब्रॅकेट कापत्यात." मला ते मायक्रोमीटर मॅडम म्हणायचे, तोंडावर.

त्यानंतर मी दर शनिवारी भंगाराची गाडी भरण्याआधी कंप्रेसरच्या खोलीमागे एक चक्कर मारायला लागले. कधी टिटवी असायची, कधी जुनी स्कूटर, कधी टोलनाक्यावरची रांग. कधी काहीच नसायचं, त्या आठवड्यात सगळ्या लांबट पट्ट्यांची ऑर्डर असायची आणि ते नाराज असायचे. "चौकोनाचं काय करायचं सांगा. चौकोनात जीव नसतो." वॉशरची ऑर्डर आली की मात्र स्वारी खूश. आणि ही सगळी चित्रं शनिवारी गाडीत. मला हळहळ वाटायची. त्यांना कधी वाटलेली मी बघितली नाही. दसऱ्याला सगळ्यांनी मशिनांना झेंडूच्या माळा घातल्या, यांनी पत्र्यातून झेंडूचं एक तोरण उरवलं आणि मोठ्या मशीनवर लावलं. मालक खूश झाले, राहू दे म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओव्हाळभाऊंनी स्वतः ते उतरवून भंगाराच्या डब्यात टाकलं. मी भांडले त्यांच्याशी. "सणाचं सणाला," ते म्हणाले. "ठेवलं की ते शोपीस होतं, मग त्याच्यावर धूळ बसते, मग ते बघून आपल्यालाच लाज वाटते."

म्हणूनच ते माझ्याकडे काही ठेवून घ्यायला सांगायला आले, तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले.

त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. कारखाना पुढे बंद पडला, वडील त्याआधीच गेले. मावळातल्या गावातून आलेला माणूस, घरात फोटो काढण्याची रीत नव्हती. वडिलांचा एकच फोटो होता, कंपनीच्या ओळखपत्रावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. ओव्हाळभाऊंनी तो भिंगाखाली धरून दाखवला. उभट चेहरा, तेल लावलेले केस, खांद्यावर डब्याच्या पिशवीचा पट्टा. आणि आई. आईंना काचबिंदू. नजर कडेकडेनं आत येत चालली होती. आता त्यांना माणूस दिसत नव्हता, समोर उजेड आहे की अंधार एवढंच कळत होतं. दिवाळीनंतर तेही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"ती म्हणती, तुझ्या बापाचा चेहरा इसरले मी," ओव्हाळभाऊ म्हणाले. "नखाएवढा फोटू तिला काय दिसणार? पण उजेड आन् अंधार तिला कळतो मॅडम. मी बाप मोठा काढणार हाय. दोन पुरुष उंच. मागून उजेड सोडायचा. मग तिला दिसंल. तोवर पत्रे तेवढे तुमी ठिवून घ्या."

सहा पत्रे लागणार होते. तीन ओळी, प्रत्येक ओळीत दोन. एका वेळी एकच निघणार, तोही योग्य ऑर्डर आली तर. कपाळाला बारीक वॉशर लागणार, केसांना मोठ्या पार्टचा पत्रा, जिथे भोकं कमीच पडतात. या कामाला त्यांना आठ महिने लागले. रोजच्या ऑर्डरी बघत बसायचे आणि आपला चेहरा त्या ऑर्डरींतून गोळा करायचे. नाकाची ऑर्डर येईना म्हणून तर दीड महिना गेला. मग कुठल्याशा ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटची ऑर्डर आली आणि ते माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "नाक आलं." मी त्यांना इतकं आनंदात आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

सहाही पत्रे एकत्र उभे करायला आमच्याकडे जागा नव्हती. अख्खं चित्र त्यांनी कधीच बघितलं नाही. ते त्यांच्या डोक्यात होतं.

माझी भाची श्रुती डिझाइनचं शिकली आहे. कुठे कोण काय नवीन करतंय हे शोधत फिरणं हा तिचा उद्योग. कुणी कॉम्प्युटरला वाऱ्याचा वेग देऊन चित्र काढायला लावतो, कुणी जुन्या मोबाइलच्या काचा जोडून भिंत उभी करतो, असलं काहीबाही ती शोधते, त्यावर लिहिते आणि वर्षातून एकदा त्यांचं प्रदर्शन भरवते. ती तळेगावला माझ्याकडे आली की मला फोनवर एकेक दाखवते आणि मी नाक मुरडते. एकदा असंच नाक मुरडून झाल्यावर मी म्हटलं, "यापेक्षा आमचा ओव्हाळ बरा." तिनं फोन खाली ठेवला.

पहिला पत्रा तेवढा तयार होता. खालच्या ओळीतला डावीकडचा, त्यात फक्त खांदा आणि पिशवीचा पट्टा. मी नमुना म्हणून त्याचा गेटपास केला आणि टेम्पोनं तळेगावला आणला. गच्चीवर उन्हात उभा केला. श्रुती खाली फरशीवर बसली. म्हणाली, "मावशी, हे त्यांनी वेगळं कापलेलं नाही ना? हे खरंच ऑर्डरमधून उरलंय?" मी हो म्हटलं. "म्हणजे या खांद्याचा आतला भाग आत्ता कुठेतरी गाड्यांखाली फिरतोय," ती म्हणाली. मी वीस वर्षं ते पार्ट मोजत होते, मला हे कधी सुचलं नव्हतं.

ती ओव्हाळभाऊंना भेटायला निघोज्याच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर आली. प्रदर्शन पुण्यात होतं, एका जुन्या गोदामात, दिवाळीच्या आधी. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, भिंत किती उंच, दिवे कुठे, लोक कोण कोण येणार. त्यांनी चहाचा ग्लास उजेडाकडे धरून सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पायऱ्या किती हायेत? आईला चढता येत न्हाई."

"पायऱ्या नाहीत काका. सरळ आत येता येतं."

"मग चालंल," ते म्हणाले.

आता माझ्या भागाचं सांगते, टाळून उपयोग नाही.

बाकीचे पाच पत्रे एकेक करून तयार होत होते आणि ते ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. कंप्रेसरमागे ठेवले तर शनिवारी गाडीत जाणार. स्टोअरमध्ये ठेवले तर कुणीतरी उरल्या जागेतून किरकोळ पार्ट कापून घेणार. कारखान्यात एकच जागा अशी असते जिथल्या वस्तूला कुणी हात लावत नाही, ती म्हणजे रिजेक्शनचा पिंजरा. नापास मालाला लाल टॅग लावून आम्ही तो जाळीच्या खोलीत कुलपात ठेवतो, चुकून गिऱ्हाइकाकडे जाऊ नये म्हणून. किल्ली माझ्याकडे आणि माझ्या सहीशिवाय आतलं काही हलत नाही. हा नियम माझाच, मीच भांडून लावलेला. मी पाचही पत्र्यांना लाल टॅग लावले. टॅगवर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: 'ड्रॉइंगप्रमाणे नाही.' लिहिताना मला हसू आलं होतं. ओव्हाळभाऊंना किल्ली दाखवून म्हटलं, "आता तुमचे वडील माझ्या ताब्यात."

"मग बिनघोर," ते म्हणाले.

प्रदर्शनाला दहाएक दिवस राहिले असताना मी पुतणीच्या साखरपुड्याला उदगीरला गेले. जाताना किल्ली नेहमीप्रमाणे मॅनेजरकडे दिली. मॅनेजर सौरभ सर, वयानं माझ्या मुलाएवढा, कामाला चोख, वाईट माणूस अजिबात नाही. जाताना ओव्हाळभाऊंना सांगितलं, "आल्यावर टेम्पोचं बघते." दुपारी हॉलमध्ये वाजंत्री चालू होती आणि सौरभ सरांचा फोन आला. सोमवारी गिऱ्हाइकाचं ऑडिट अचानक लागलं होतं. "मॅडम, पिंजरा रिकामा दिसला पाहिजे. लाल टॅगचा सगळा माल काढतोय. तुमची सही लागेल, पण फोनवर हो म्हणालात तरी चालेल."

मी एका हातानं कान दाबून धरला होता. समोर ओटीचं ताट होतं. मी म्हटलं, "टॅग नंबर लिहून घ्या आणि काढा."

फोन ठेवताना मला स्वतःचं कौतुकच वाटलं, की बघा, मी नसले तरी माझी पद्धत चालते. पत्र्यांची आठवण आली नाही. नंतर मी खूपदा आठवून बघितलं, त्या क्षणी मनात नेमकं काय होतं. ओटीतला नारळ उभा ठेवायचा की आडवा, एवढंच होतं.

संध्याकाळी पाचला ओव्हाळभाऊंचा फोन आला. आवाज खुशीत. "मॅडम, माल गेला बरं का. अगदी ब्येस गेला."

"कुठला माल?"

"आपला. तुमी पाठवलेला टेम्पो. सौरभ सर म्हणले, मॅडमनी फोनवर सांगितलंय, पिंजऱ्यातलं काढा. मी म्हणलं, थांबा, हे पत्रे कुणी हात लावू नका, मी भरतो."

शनिवारची नेहमीची भंगाराची गाडी ते ओळखत होते. पण ऑडिटच्या घाईत सौरभ सरांनी भंगार न्यायला बाहेरचा एक बंद टेम्पो बोलावला होता. ओव्हाळभाऊंनी ते पाच पत्रे स्वतः उचलून त्यात ठेवले. ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येक दोन पत्र्यांमध्ये पुठ्ठा घातला. खडूनं मागे नंबर टाकले, कुठला वर, कुठला खाली. सुतळीच्या दोरीनं बांधले. आणि ड्रायव्हरला सांगितलं, "सावकाश जा राव, मोशीच्या पुढं खड्डे हायेत." हे सगळं त्यांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलं. वाजंत्री मधे थांबली होती, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला. मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले असणार, कारण पलीकडून ते नुसतं "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच भंगारवाल्याच्या यार्डात गेले. तिथे पत्रा आला की दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे करतात, चूल मांडायला दगड ठेवावा एवढाले. त्यांना गठ्ठा ओळखता आला, कारण त्याच्या फटींतून पुठ्ठ्याचे कोपरे बाहेर आले होते. यार्डवाला म्हणाला, पुठ्ठा काढून द्यायला पाहिजे होता भाऊ, वजनात गडबड होते.

मी परत आले तेव्हा ते टेबलापाशी होते. मी रडले, त्यांच्यासमोर, मशिनं चालू असताना. त्यांनी मला पाणी आणून दिलं. "तुमची सही होती ना मॅडम," ते म्हणाले, "म्हणून मी काय इचारलं न्हाई." हे त्यांनी मला बोल लावायला म्हटलं नव्हतं. लावायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "ते गठ्ठे जालन्याला जात्यात. तिथं वितळवून सळ्या करत्यात. आसंल बाप माझा कुणाच्या तरी स्लॅबमंदी."

श्रुतीनं हात जोडून सांगितलं, काका, फायली आहेत ना कॉम्प्युटरवर, पुन्हा कापू या, पत्र्याचे पैसे मी देते. मालकही तयार झाले होते, हे मुद्दाम सांगते, कारण कुणी आडकाठी केली नाही. नाही म्हणाले ते फक्त ओव्हाळभाऊ. "त्या पार्टची ऑर्डर आता कुणाची हाय?"

"कुणाची नाही. आपण नुसतं चित्रासाठी कापायचं."

"मग ते पार्ट कुठं जाणार?"

"भंगारात," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "माझा बाप तीस वर्सं कामावर उभा व्हता ताई. त्याच्यातनं घर चाललं आन् जे उरलं ते आमी बघितलं. रिकामं कापलं तर तो माणूस कुणी दुसराच हुईल." मी समजावलं, चिडले, त्यांच्या आईंची आठवण करून दिली. आईंचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा जो झाला तो बघून मी तो विषय सोडला. खऱ्या ऑर्डरींची वाट बघायची तर आठ महिने लागणार होते आणि आईंकडे एक महिना होता. मला वाटतं त्यांनी तो हिशोब यार्डातच केला होता.

पुन्हा वाट बघायची सोयही फार दिवस राहिली नाही. त्याच हिवाळ्यात नवीन सॉफ्टवेअर आलं. ऑर्डर टाकायची, 'ऑटो' दाबायचं, पापणी लवायच्या आत सगळे पार्ट पत्र्यावर आपले आपण बसतात. माल खरंच कमी जातो, मी स्वतः तपासलंय. ओव्हाळभाऊंना मशीनवर पत्रे चढवायच्या कामावर टाकलं. त्या सांगाड्यांत मी अजून मागे सरकून बघते, पिवळ्या पट्ट्यापर्यंत जाऊन. काही नसतं.

प्रदर्शन झालं. त्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचं तरी लागलं. मी गेले नाही.

माझ्या गच्चीवर तो पहिला पत्रा राहिला होता, खांद्याचा. तो बघून मला जेवण जाईना. एका रविवारी टेम्पोत घालून मी तो निगडीला त्यांच्या घरी घेऊन गेले. जुन्या वसाहतीतली तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, दारात तुळशीऐवजी कोरफड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. आई खाटेवर बसल्या होत्या, बारीक, ताठ. आम्ही पत्रा दारातून आडवा करून आत आणला आणि खिडकीला टेकवला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. आईंनी मान वळवली. पत्र्याच्या दिशेनं बरोबर वळवली, तेवढं त्यांना अजून कळत होतं.

"काय रं मिलिंदा, समोर काय ठिवलंस? चमाकतंय."

मी ओव्हाळभाऊंकडे बघितलं. मला वाटलं, सांगतील. खांदा तर खांदा, पिशवीचा पट्टा तर पट्टा. सांगतील, की आई, हे आबा आहेत.

आई उठल्या. हात पुढे करून दोन पावलं आल्या आणि पत्र्यावरून बोटं फिरवली. वर, खाली, भोकाभोकांतून. त्या खांद्यावर त्यांचा हात बराच वेळ होता.

"लोखंड हाय व्हय? ग्रील हाय का खिडकीचं?"

नुसता खांदा दाखवून आईच्या मनात अख्खा माणूस कसा उभा करायचा, हे ओव्हाळभाऊंना जमलं नसावं. किंवा जमलं असतं, पण मग बाकीचा कुठंय हेही सांगावं लागलं असतं.

"व्हय आई," ते म्हणाले. "ग्रील हाय. मांजर येतंय ना दुधाला."

"ब्येस केलंस," आई म्हणाल्या आणि परत खाटेवर जाऊन बसल्या.

नंतर त्यांनी खरंच तो पत्रा खिडकीच्या मापाला कापून बसवला. ग्राइंडरनं स्वतः कापला आणि आईची बोटं फिरतात म्हणून प्रत्येक भोकाची कड कानशीनं घासून गुळगुळीत केली. पिशवीच्या पट्ट्याचा भाग खिडकीत मावला नाही. तो त्यांनी मोरीच्या दाराला खालून ठोकला, दार पाण्यानं कुजलं होतं म्हणून. पुढे उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी भिंग कॉम्प्युटरपाशी राहिलं होतं. मी निरोप पाठवला तर म्हणाले, राहू दे, तुम्हाला कापलेल्या कडेची बर्र बघायला होईल.

त्यानंतर एकदाच दिसले. निगडीला काम होतं, रिक्षा त्यांच्या वसाहतीच्या रस्त्यानं निघाली आणि मी रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलं. दुपारचं ऊन थेट त्या खिडकीवर पडलं होतं. आत आई खिडकीला लागून बसल्या होत्या, चारही बोटं भोकांत अडकवून. आता त्यांना उजेडही कळत नव्हता, हे मला श्रुतीकडून समजलं होतं. उन्हानं त्यांच्या चेहऱ्यावर भोकाभोकांची नक्षी पडली होती. मी उतरणार तेवढ्यात आत त्यांच्या मागून ओव्हाळभाऊ आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पत्र्याकडेही नाही. आईला ऊन लागतंय म्हणून त्यांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि खिडकीवर जुन्या साडीचा पडदा ओढून घेतला.